हौसेनं लावलं, मुकाट्यानं काढलं : सायकलच्या फसलेल्या ॲक्सेसरीजचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. इतिहासाचं व्याख्यान म्हटल्यावर लढाया, तह, फार तर एखादा दुष्काळ, आणि हे गृहस्थ सायकलच्या दिव्यावर आणि सीटवर बोलणार म्हणतात. पण तासाभरानं आपण घरी जाल तेव्हा माळ्यावरची एखादी पेटी उघडून बघावीशी वाटेल, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सुरुवात घरापासूनच करतो. माझ्या वडिलांची एक काळी सायकल होती. ते कारखान्यात होते, दुसरी पाळी सुटून घरी यायला रात्रीचे साडेअकरा-बारा व्हायचे. एका दिवाळीला बोनस मिळाला आणि त्यांनी डायनामोचा सेट आणला. बाटलीच्या आकाराचा चकचकीत डायनामो, पुढचा गोल दिवा आणि मागचा छोटा लाल. आम्ही भावंडांनी सायकल स्टँडवर चढवली आणि हातानं पेडल फिरवत बसलो. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला. आईला बोलावून दाखवला. त्या रात्री आमच्या घरात वीजकेंद्र सुरू झाल्यासारखंच वाटत होतं.

नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी वडील म्हणाले, "जरा जड जाते." म्हणजे बघा, आठ तास उभं राहून काम केलेला माणूस, घरी येताना एक चढ, आणि टायरला घासणारा डायनामो. चढ आला की ते पायानंच तो बाजूला करायचे. पावसात डायनामोची चक्री ओल्या टायरवरून नुसती सटकायची, दिवा मिणमिणायचा. आणि एका रात्री चौकात पोलिसानं अडवलं. "बत्ती कुठाय?" वडील म्हणाले, "आहे ना, ही काय." पण सायकल उभी, म्हणजे दिवा बंद! मग त्यांनी मागचं चाक एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं पेडल फिरवलं आणि दिवा लावून दाखवला. (हशा) हसू येतं, पण रात्री बारा वाजता रस्त्यावर असं उभं राहून आपला प्रामाणिकपणा सिद्ध करणाऱ्या माणसाला हसू आलं नसणार.

दोन पावसाळे गेले आणि डायनामो उतरला. पत्र्याच्या पेटीत गेला. मागच्या वर्षी घर आवरताना तो मला सापडला. क्रोमियम अजून चकाकतंय. आणि वडिलांचा हवा भरायचा पंप? तो नाही सापडला. त्याचं चामड्याचं वायसर किती वेळा बदललं देव जाणे, दांडा वाकला, सरळ केला, पुन्हा वाकला, शेवटी भंगारात गेला.

आता माझा आजचा मुद्दा इथे आहे. समजा, शंभर वर्षांनी एखादा इतिहासकार आमच्या घरी आला. त्याला काय सापडेल? नवाकोरा डायनामो. तो लिहील, "या काळातले लोक डायनामो वापरत." पंपाचा मागमूसही नाही. म्हणजे जे रोज वापरलं ते झिजून संपलं, आणि जे फसलं ते जपून राहिलं. वस्तूंच्या इतिहासातली ही फार मोठी फसगत आहे. पुण्यात कर्वेनगरला सायकलींचं एक छान खाजगी संग्रहालय आहे, किंवा युरोपातल्या संग्रहालयांचे फोटो बघा. काचेमागचे दिवे पाहताना मी नेहमी मनात विचारतो: बाबा रे, तू इतका चकचकीत कसा राहिलास?

कागदपत्रांचंही तसंच. कॅटलॉग काय सांगतो? विकणाऱ्याचं आश्वासन. पेटंट काय सांगतं? संशोधकाची आशा. वस्तू घेतल्यावर सहा महिन्यांनी गिऱ्हाईक काय म्हणालं, हे कोण लिहून ठेवतं? कोणी नाही. म्हणून अपेक्षाभंगाचा इतिहास आपल्याला आडवाटेनं शोधावा लागतो. मी तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू कुठल्या त्रासावर किंवा भीतीवर विकली गेली? ती वापरायचं काम कोणावर पडलं? आणि तो त्रास शेवटी खरा गेला कशानं? हे तीन प्रश्न घेऊन आपण दीडशे वर्षांतून एक चक्कर मारू.

पहिला त्रास हादऱ्यांचा. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पेडलची सायकल लोकप्रिय झाली तेव्हा तिची चाकं लाकडी आणि वर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीसारखी. दगडी फरसबंदीवरून ती चालवायची. इंग्रजांनी तिला जे टोपणनाव दिलं त्याचा अर्थच मुळी "हाडं खिळखिळी करणारी". पुढे उंच चाकाची सायकल आली. मोठं चाक छोट्या खड्ड्यावरून सहज जातं, त्यामुळे हादरे कमी. पण माणूस डोक्यावर पडायचा. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. आजच्या सायकलची आजी म्हणा. पडण्याची भीती गेली, पण चाकं लहान झाल्यामुळे हादरे परत आले.

मग बाजारात काय आलं असेल? स्प्रिंग! सीटखाली स्प्रिंग, हँडलला स्प्रिंग. त्याच १८८५ साली लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज यांनी 'व्हिपेट' नावाची सायकल आणली. तिची रचना हुशारीची होती. सीट, पेडल आणि हँडल या तिघांचं आपसातलं अंतर कायम ठेवायचं आणि हा सगळा भाग बाकीच्या सांगाड्यावर स्प्रिंगनं तोलायचा. लोकांनी घेतली, ती चांगली चाललीही.

आणि तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम याच टायरवर धावला आणि जिंकला. खरं म्हणजे हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच पेटंट केली होती, पण तेव्हा सायकलच नव्हती, म्हणून ती पडून राहिली. असो. काही वर्षांत हवेचा टायर सर्रास झाला आणि स्प्रिंगची सायकल अडगळीत गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्यानं १८८७ साली पदरमोड करून स्प्रिंगवाली सायकल घेतली, तो मूर्ख नव्हता. विकणारा लबाड नव्हता. त्रास खरा होता, उपायही बरा होता. फक्त उत्तर दुसऱ्याच दारातून आलं. अपेक्षाभंगाचा हा पहिला प्रकार, आणि यात कोणाचाच दोष नाही.

पण हवेच्या टायरनं नवा त्रास आणला, त्याचं नाव पंक्चर. लगेच "पंक्चर होणारच नाही" अशा वस्तूंची रांग लागली. १८९० च्या दशकातच ट्यूबमध्ये ओतायची चिकट द्रव्यं अमेरिकेत विकली जात होती. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायच्या जाड पट्ट्या आल्या. भरीव टायर तर दर पिढीत नव्यानं येतात. अलीकडे शहरांत भाड्याच्या सायकली आल्या, त्यातल्या काहींना भरीव टायर होते. ज्यांनी चालवल्या असतील त्यांना आठवत असेल, वाळूतून ओढल्यासारखी चालते. कारण साधं आहे. हवेच्या टायरमध्ये हवाच स्प्रिंगचं काम करते. ती हलकी असते, दाबली जाते आणि लगेच मूळपदावर येते. हवेच्या जागी रबर भरलं की वजन वाढतं, प्रत्येक फेरीला पायाचा थोडा जोर त्या रबरातच जिरतो आणि हादरे परत येतात. पंक्चर जातं, पण ज्यासाठी टायर घेतला तो आरामही त्याच्याबरोबर जातो.

आपल्याकडे ही द्रव्यं आणि पट्ट्या फारशा रुजल्या नाहीत. माझ्या मते कारण असं, की आपल्याकडे दर दोन चौकांना एक पंक्चरवाला होता. पाण्याची घमेली, कानस, सोल्युशन, जुन्या ट्यूबचं ठिगळ, आणि दहा मिनिटांत काम. जिथे माणूस स्वस्तात आणि जवळ मिळतो तिथे वस्तू विकणं अवघड जातं. पंक्चरवाला ही कॅटलॉगमध्ये न छापलेली सर्वांत यशस्वी ॲक्सेसरी म्हणायची.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो. इथे विकली गेली ती भीती.

१८९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत आणि युरोपात सायकलची लाट आली. चांगली सायकल तेव्हा शंभर डॉलरच्या घरात जायची, म्हणजे घेणारा मध्यमवर्गीय किंवा त्याच्या वरचा. आणि बायका सायकल चालवू लागल्या. सोबतीला कोणी न घेता, हव्या त्या रस्त्यानं जाऊ लागल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी यांनी १८९६ साली एका मुलाखतीत सांगितलं, की स्त्रियांच्या मुक्तीला सायकलनं जितका हातभार लावला तितका जगात दुसऱ्या कशानं लावला नाही. हे अनेकांना कळत होतं, आणि म्हणूनच बोचत होतं. मग डॉक्टर मंडळी पुढे सरसावली. सायकल चालवून बायकांचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, अशा 'सायकल-चेहऱ्या'च्या आजाराची चर्चा वर्तमानपत्रांत रंगली. सीटवर बसण्यावरून तर काय काय शंका काढल्या गेल्या, ते इथे सांगत नाही.

अशा वेळी बाजारात 'आरोग्यदायी' सीट आल्या. त्यातली 'ख्रिस्ती' नावाची सीट प्रसिद्ध. स्पॉल्डिंग ही खेळाच्या सामानाची मोठी कंपनी ती विकायची. धातूचा तळ, त्यावर दोन वेगळ्या गाद्या आणि मध्ये मोकळी जागा. जाहिरातीत चक्क माणसाच्या कमरेच्या हाडांचं चित्र, ती हाडं सीटवर बरोब्बर कशी टेकतात ते दाखवणारं. म्हणजे सीटच्या जाहिरातीला शरीरशास्त्राच्या पुस्तकाचा थाट!

पण सायकलच्या सीटचं काम खुर्चीसारखं नसतं. खुर्चीवर आपण नुसते बसतो. सीटवर बसून पाय सतत खाली-वर करायचे असतात. सीट रुंद केली की मांडी घासते, आणि टेकायची जागा कारखान्यात ठरवून दिली की ज्याची हाडं तेवढ्याच अंतरावर, त्यालाच ती बसते. सगळ्यांची कंबर एका मापाची नसते.

याच काळातलं उलटं उदाहरण बघा. बर्मिंगहॅमचे जॉन ब्रुक्स चामड्याच्या सीट बनवत. त्यांचं पहिलं पेटंट १८८२ चं. सांगाड्यावर ताणून बसवलेलं जाड चामडं, बस. नवीन असताना ही सीट लाकडासारखी टणक. पहिला महिना माणूस शिव्या घालतो. पण हळूहळू चामडं बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं, कोल्हापुरी चप्पल पायाला बसते ना, तसं. त्यांचं 'बी १७' हे मॉडेल १८९० च्या दशकातलं, ते आजही विकलं जातं. याउलट आजच्या दुकानातलं मऊ जेलचं सीट-कव्हर घ्या. दुकानात बोटानं दाबून बघताना सुख वाटतं, पहिले दोन किलोमीटर सुख वाटतं, आणि दहाव्या किलोमीटरला ते जेल नको तिथे दाबायला लागतं. तेव्हा एखादी वस्तू फसली की नाही, हे तुम्ही गिऱ्हाइकाला कितव्या दिवशी विचारता यावरही असतं. कॅटलॉग नेहमी पहिल्या दिवसाबद्दल बोलतो.

तरीही 'आरोग्यदायी' सीटबद्दल मी एक गोष्ट तिच्या बाजूनं बोलणार आहे. १८९६ मधल्या एखाद्या मुलीला घरून सायकलची परवानगी हवी होती. वडील म्हणाले, डॉक्टर असं म्हणतात. मुलीनं जाहिरात दाखवली: बघा, ही शास्त्रीय सीट आहे. बसायला ती कशीही असो, त्या घरात तिनं परवानगीपत्राचं काम केलं असेल. सीट म्हणून पैसे वाया गेले, परवानगी म्हणून वसूल झाले. वस्तू कशासाठी विकत घेतली जाते आणि प्रत्यक्षात कशासाठी उपयोगी पडते, या दोन गोष्टी इतिहासकारानं वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

भीतीची दुसरी वस्तू ऐकली तर आपण थक्क व्हाल. तिचं नाव 'वेलो-डॉग'. पॅरिसच्या गालाँ नावाच्या बंदूक बनवणाऱ्यानं १८९० च्या दशकात सायकलस्वारांसाठी काढलेलं खिशातलं रिव्हॉल्व्हर. कशासाठी? कुत्र्यांसाठी! (हशा) हसू नका, आपल्याकडे रात्री गल्लीतून सायकल नेलेल्या प्रत्येकाला ही भीती माहीत आहे. दोन्ही पाय हँडलवर घेऊन सायकल तशीच उतारावर सोडायची, हा आपला मराठी उपाय. तिकडे भीती अधिक खरी होती, कारण पिसाळलेला कुत्रा चावला की मरण. पाश्चरनं रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा दिली ती १८८५ च्या जुलैमध्ये, म्हणजे हे सगळं ताजंच होतं. हे रिव्हॉल्व्हर छोटं, घोडा दुमडून आत जाणारा, खिशात अडकू नये म्हणून. कुत्रा जिवानिशी जाऊ नये अशी इच्छा असलेल्यांसाठी मिरपूड भरलेली काडतुसंही मिळत.

आता डोळ्यांसमोर आणा. सायकल चालू आहे. कुत्रा पिंढरीशी आहे. एक हात हँडलवर, दुसरा खिशात. सायकल डगमगतेय, कुत्रा नागमोडी पळतोय, मागे त्याचा मालक धावतोय. आता नेम धरा! शांत रस्त्यावर उभं राहूनही हलत्या कुत्र्यावर नेम धरणं सोपं नाही. इथे तर नेमकं ज्या हातांनी तोल सांभाळायचा, तेच हात मागितले जातात. उतरून सायकल मध्ये धरली की कुत्रा बहुधा भुंकून परत जातो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हे रिव्हॉल्व्हर पुढे बेल्जियम, स्पेन इथेही बनलं, ते शहरातल्या लोकांच्या खिशात राहायचं हत्यार म्हणून. सायकल मागेच राहिली. आणि आज संग्राहकांना ती मिळतात. का मिळतात, ते आता सांगायला नको.

तुलनेला एक माणूस सांगतो. थॉमस स्टीव्हन्स. १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून त्यानं जगाला फेरी मारली, आपल्या ग्रँड ट्रंक रोडवरूनही तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत गेला. निघताना त्याच्याजवळ काय होतं? मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरता येईल असा एक रेनकोट, आणि हो, एक रिव्हॉल्व्हर. म्हणजे भीती त्यालाही चुकली नाही. पण बाकी सामान बघा. आपण कात्रज ओलांडायचं म्हटलं तरी याच्या चौपट घेतो.

आणि आता तिसरा प्रकार, माझ्या वडिलांचा. दिवा.

१८८८ साली ब्रिटनमध्ये स्थानिक कारभाराचा एक कायदा झाला. त्यात सायकल हे वाहन आहे असं मान्य झालं. हा सायकलस्वारांचा मोठा विजय होता, कारण त्यामुळे रस्त्यावर त्यांचा हक्क आला. पण हक्काबरोबर अटी आल्या. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंत दिवा हवा, आणि कोणाला ओलांडून जाताना घंटी किंवा शिटी वाजवायची. दिव्याची सक्ती पुढे आपल्याकडेही आली, आणि "बत्ती नाही" हा शहरांतल्या सायकलस्वारांचा हक्काचा गुन्हा झाला.

दिवा म्हणजे आधी तेलाचा. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासनं १८७० च्या दशकाच्या अखेरीस उंच चाकाच्या आत टांगायचा दिवा काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'रस्त्याचा राजा'. वात फडफडणार, काच काजळणार, खड्डा आला की राजा विझणार.

मग आला कार्बाईडचा दिवा. कार्बाईड म्हटल्यावर आपल्याला आंबे आठवतात, कृत्रिम पिकवलेले. तेच ते कॅल्शियम कार्बाईड. थॉमस विल्सन या कॅनेडियन माणसाला १८९२ साली अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर बनवायची युक्ती सापडली, आणि काही वर्षांतच सायकलचे दिवे बाजारात आले. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाईडचे खडे. थेंब थेंब पाणी पडतं, ॲसिटिलिन वायू तयार होतो, तो जळतो. उजेड? तेलाच्या दिव्यापुढे सूर्यच! आता तोटे. पाण्याची चकती जास्त फिरली तर ज्योत भडकते, कमी फिरली तर मरते. घरी पोचल्यावर पाणी बंद केलं तरी ओल्या खड्यांतून वायू येतच राहतो. वास लसणासारखा. थंडीत पाणी गोठतं. आणि दर वेळी आतला पांढरा चिखल खरवडून काढायचा. म्हणजे सायकल चालवायची तासभर आणि दिव्याची सेवा करायची अर्धा तास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही रोज वाटायचा.

म्हणून डायनामोचं आकर्षण समजून घ्या. तेल नाही, खडे नाहीत, बॅटरी विकत घ्यायची नाही. जर्मनीच्या बॉशनं १९२३ मध्ये सायकलचा विजेचा दिवा बाजारात आणला. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरनं १९३६ मध्ये चाकाच्या मधोमध बसणारा डायनामो काढला, तो टायरला घासत नसे. पण महाग आणि वजनदार. आपल्याकडे सर्रास पोचला तो बाटलीवाला.

त्याचं गणित सांगतो. नेहमीचा डायनामो सहा व्होल्टचा, तीन वॅटचा. २.४ वॅट पुढच्या दिव्याला, ०.६ मागच्या. तीन वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण टायरवर घासून वीज काढताना बरीच शक्ती वाया जाते, म्हणजे पायाला दहाएक वॅटचा बोजा पडतो. साधा माणूस निवांत सायकल चालवताना पाऊणशे ते शंभर वॅट लावतो. म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा दिव्याला, आणि त्या दिव्यातला बहुतेक भाग बल्बच्या तारेत उष्णता होऊन जातो. चढावर वेग कमी, उजेड कमी. उतारावर वेग जास्त, बल्ब उडाला. मागचा उडाला की सगळा भार पुढच्यावर, तोही उडाला. आणि चौकात थांबलात, जिथे ट्रकवाल्याला तुम्ही दिसायला हवेत, तिथेच काळोख.

मग अशी वस्तू लोकांनी का घेतली? कारण कायद्याचा प्रश्न एक होता आणि स्वाराचा दुसरा. कायदा विचारायचा, "बत्ती आहे का?" स्वाराचा प्रश्न, "मला खड्डा दिसतो का, आणि मागून येणाऱ्याला मी दिसतो का?" डायनामोनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तेही माझ्या वडिलांसारखं चाक उचलून. हा अपेक्षाभंगाचा तिसरा प्रकार: वस्तू तपासणाऱ्याच्या सोयीची, ओझं चालवणाऱ्याच्या पायावर. जर्मनीत तर सायकलला डायनामोच हवा, बॅटरी चालणार नाही, हा नियम २०१३ पर्यंत होता. शिस्तीचा देश, पण पायांना शिस्त कळत नाही.

गंमत म्हणजे त्याच काळ्या सायकलला मागच्या मडगार्डच्या टोकाला एक पांढरा पट्टा रंगवलेला असायचा. आठवतोय? त्याला तेल नको, पेडल नको, थांबल्यावर विझायची भीती नाही. मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात तो दिसायचा. फुकटातली गोष्ट, आणि कोणी कधी तिची तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. तसंच अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या व्हीडर यांचं १८९५ चं अंतर मोजायचं छोटं यंत्र. चाकाला लावलं की आपोआप आकडा पुढे सरकतो, स्वाराला काहीच करावं लागत नाही. ते तुफान चाललं. स्टँड घ्या, कॅरियर घ्या. टिकलेल्या वस्तूंची यादी केली तर एक सूत्र दिसतं: चालवणाऱ्याकडून रोज काही मागत नाहीत, त्या राहतात.

डायनामोच्या गोष्टीचा शेवट मात्र गोड आहे. १९९० च्या दशकात चाकाच्या मधोमध बसणारे, जवळजवळ जड न जाणारे डायनामो पुन्हा आले, आणि त्याच दशकात पांढरा एलईडी आला. एलईडी इतक्या कमी विजेत इतका उजेड देतो, की पायाला बोजा कळतही नाही, आणि दिव्यात थोडी वीज साठवून ठेवता येते, त्यामुळे चौकात थांबलं तरी तो जळत राहतो. १९२३ चं आश्वासन सत्तर-ऐंशी वर्षांनी पुरं झालं. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. तिच्या गळ्यात बांधलेला बल्ब जड होता. थॉमसनचा टायर आठवा. तोही चाळीस वर्षं अशीच वाट बघत होता.

आता समारोप. मी वडिलांना एकदा विचारलं होतं, "तो डायनामो फसला ना हो?" ते म्हणाले, "छे, चांगला होता. मलाच जमला नाही." या एका वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली वस्तू वाईट होती असं म्हणणं म्हणजे ती दिवाळी वाया गेली असं म्हणणं. म्हणून माणूस दोष स्वतःकडे घेतो, वस्तू पेटीत ठेवतो आणि गप्प बसतो. श्रीमंत गिऱ्हाईक तक्रार करतं, तिचा कागद उरतो. गरीब गिऱ्हाईक मुकाट्यानं काढून ठेवतं, त्याचा कागद उरत नाही. मग पुढचा डायनामो बनवणाऱ्याला कळणार कसं, की दुसऱ्या पाळीनंतर तो चढ कसा चढवत नाही?

तेव्हा एक विनंती. घरी गेलात की माळ्यावरची पेटी उघडा. जी वस्तू फार चकचकीत सापडेल, तिला एक चिठ्ठी बांधा: कधी घेतली, किती रुपयांना, कोणी आणि का काढली. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला आजच विचारा. तो म्हणेल, "मलाच जमली नाही." तेही लिहा, आणि पुढे लिहा, काय जमलं नाही ते.

माझ्या वडिलांच्या डायनामोला मी चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर एवढंच आहे: "चढाला जड जायचा. थांबलं की विझायचा."